डोळेमिट्या की घाईवाला

आबा, तुम्हाला गिटार माहीत असायचं काही कारण नाही, म्हणून आधी तेच सांगते. लाकडाची पेटी असते, कमरेत आवळल्यासारखी, पोटाला भोक आणि वर सहा तारा. मांडीवर घेऊन वाजवतात. आमच्या घरात अशा दोन आहेत, एक नुसत्या लाकडाची आणि एक विजेवरची, आणि दोन्ही माझ्या थोरल्या नातीच्या. विजेवरचीची वायर लावली नाही तर ती मुकी असते आणि लावली तर गल्लीतली कुत्री उठून बसतात. ह्या गिटारीपायी आमच्याकडं जे झालं ते सांगायला मला घरात माणूस उरलेलं नाही, कारण जो तो त्यात होता आणि ज्याला त्याला आपलंच खरं वाटतं. तुम्ही त्यात नव्हता. चौथीतून तुम्हीच मला शाळेतून काढलंत, तेव्हा काना-मात्रा चुकला तर तो तुमच्या खात्यावर.

नात सत्तावीस वर्षांची आहे. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. क्वालिटी म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. हेच काम आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आल्या, पण असो. सहा दिवस ती कंपनीच्या बसनं जाते आणि रविवारी आमच्या गच्चीवर तिच्यासारखेच पाच-सहा जण जमतात. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू, लातूरकडचा, तोही वर जातो. तुम्हाला वाटेल वाजवायला जमतात. वाजवतात घटकाभर. उरलेला वेळ भांडतात. भांडण एकच, सगळ्यांत भारी गिटारवाला कोण.

मला त्यांची नावं घेता येत नाहीत. जीभ वळते, पण मधेच अडकते. म्हणून मी माझी नावं ठेवलीत. नातीनं मला फोनवर दोघं दाखवले. एक जण वाजवताना डोळे मिटून घेतो आणि एक सूर लावला की पुढचा लावायचं त्याच्या मनातच येत नाही. त्याला मी म्हणते डोळेमिट्या. दुसऱ्याची बोटं अशी पळतात की मागं कुणी काठी घेऊन लागलंय. तो घाईवाला. आमची नात डोळेमिट्याची. लातूरवाला घाईवाल्याचा. बाकीचे चहा ज्या बाजूनं येईल त्या बाजूचे.

उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि कावळ्यांना हाकत बसले होते. लातूरवाला म्हणत होता, "भावा, तो एका दमात जेवढे सूर मारतो ना, तेवढे तुझा हिरो अख्ख्या गाण्यात मारत नाही." नातीला पण तो भावाच म्हणतो. नात म्हणाली, "म्हणूनच तर. ज्याच्याकडं सांगायला काही नसतं तोच जास्त बोलतो." तो म्हणाला, "अगं, पण तेवढं बोलायला जमायला नको का?" मी म्हटलं, "ह्या दोघांपैकी कुणी आपल्याकडं जेवायला येणार आहे का?" नात म्हणाली, "आज्जी, दोघंही वारलेत." मी म्हटलं, "मेलेल्यांवरून भांडताय? त्यापेक्षा भाऊबंदकी बरी, तिच्यात जमीन तरी मिळते. आणि माझ्या कुरडईवरचा पाय काढ." लातूरवाल्यानं पाय काढला, कुरडई उचलून खाल्ली आणि म्हणाला, "आज्जी, तुम्हीच सांगा, कोण भारी?" मी म्हटलं, "कावळा. तो भांडत नाही, घेऊन जातो."

एवढ्यावर भागलं असतं. पण दिवाळीनंतर नातीला स्थळ आलं. खेडकडचं. आता पाटीवर राजगुरुनगर लिहितात, आपण खेडच म्हणायचो. जुनं घर, थोडी शेती ठेवलेली, बाकीच्यावर गोदामं बांधून कंपन्यांना दिलेली. मुलगा चाकणलाच दुसऱ्या कंपनीत, मशीनवर. बाप नाही, आई आहे, आणि घरचा कारभार मामाच्या हातात. माझा मुलगा तर एवढा खूश झाला की त्यानं पाहुणे येण्याआधीच हॉलला रंग काढला आणि पाहुणे त्या वासात नाकाला रुमाल लावून बसले.

पोहे झाले. मामा मोठा गडी, गॉगल कपाळावर चढवलेला, हातात दोन फोन. त्यानं नातीला विचारलं, "स्वयंपाकपाणी येतं का?" ती म्हणाली, "येतं की. तुमच्या भाच्याला?" मामा हसला, पण पोह्यातल्या शेंगदाण्यासारखा, मधेच. मुलानं बशी खाली ठेवली. मी त्याचा हात पाहिला. डाव्या हाताची बोटं टोकाला घट्टे पडून निबर झालेली. म्हटलं, पोरगं कष्टाचं दिसतंय, मशीन हातानंच फिरवतं की काय. नातीनंही तोच हात पाहिला, आणि तिचा चेहरा मला दिसला. तो मी आधी पाहिला नव्हता. तिनं तिचा डावा हात टेबलावर उलटा करून ठेवला. तसेच घट्टे. ती म्हणाली, "किती वर्षं?" तो म्हणाला, "नऊ. तुम्ही?" "सात." हॉलमधल्या बाकीच्यांना वाटलं नोकरीचं बोलतायत.

मग रीत म्हणून दोघांना गच्चीवर पाठवलं, पंधरा मिनिटं बोलून घ्या म्हणून. सून म्हणाली, "दोघांनाही गिटार आवडते म्हणे, जुळलंच समजा." पंधराची तीस झाली, तिसाचा तास झाला. खाली आमचे विषय संपले. मामाचं आम्हाला गोदामाचे पत्रे कोणते चांगले तेही सांगून झालं. मग वरून आवाज यायला लागले. आधी त्याचा, मग तिचा, मग दोघांचा एकदम. मुलाची आई माझ्याकडं बघायला लागली. सून माझ्या कानाशी आली, "आत्या, तुम्ही जाऊन या, वयस्कर माणूस गेलं तर बरं दिसतं." मी जिने चढून वर गेले तर पाण्याच्या टाकीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. तो निघाला घाईवाल्याचा. म्हणत होता, "तुम्ही त्याचं ते शेवटचं नीट ऐकलेलंच नाही." ती म्हणाली, "ऐकलंय. अर्ध्यावर बंद केलं." पोराचं तोंड पांढरंफटक पडलं, आबा. आईला शिवी दिल्यासारखं. त्यानं एवढंच म्हटलं, "अर्ध्यावर?"

मी म्हटलं, "खाली चला. आणि हसत चला." हसले नाहीत. मामानं विचारलं, "मग? काय ठरलं?" नात म्हणाली, "ह्यांना वेग म्हणजेच संगीत वाटतं." मुलगा म्हणाला, "ह्यांची बोटं पळत नाहीत, म्हणून ह्यांना पळणारा आवडत नाही." सुनेच्या हातात दुसऱ्या खेपेच्या चहाचा ट्रे होता, तो तिनं तसाच परत आत नेला. त्यांनी नारळ-ब्लाऊजपीस घेतलं नाही. गाडी गल्लीतून मागं काढताना मामानं आमच्या तुळशीचा कठडा घासला आणि काच खाली न करताच गेला.

दोन दिवसांनी मामाचा फोन. मुलगी तोंडाळ आहे, घरी आलेल्या पाहुण्याला नाही नाही ते बोलली, तिनं भाच्याची माफी मागावी आणि त्याचं म्हणणं खरं होतं असं म्हणावं, मग पुढचं बघू. माझा मुलगा घरभर फिरत होता. "एका तुणतुण्यापायी असलं स्थळ घालवलं. लोकांची लग्नं हुंड्यावरून मोडतात, मानपानावरून मोडतात, आमचं कशावरून मोडलं म्हणून सांगू? दोन मेलेल्या गोऱ्यांवरून?" नात म्हणाली, "पप्पा, एक काळा होता." तो म्हणाला, "गप्प बस." मग ती शांतपणे म्हणाली, "माफी मागते. मी रागात बोलले, ते चुकलं. पण घाईवाला भारी आहे असं म्हणणार नाही." म्हणजे ती त्याचं खरं नाव म्हणाली. मी माझं लिहिते.

आता गंमत ऐका. स्थळ मोडलं होतं, पण भांडण चालू होतं. तो रोज सकाळी फर्स्ट शिफ्टला जाताना तिला फोनवर घाईवाल्याचं काहीतरी पाठवायचा, हे ऐका आणि मग बोला. ती संध्याकाळी डोळेमिट्याचं पाठवायची. असं अकरा दिवस. मेथी निवडताना ती कानात ते गाणी ऐकायचे बोळे घालून बसायची, कपाळाला आठ्या, आणि काडीसकट मेथी भाजीत. एकदा मी पाहिलं, आठ्या होत्या पण तोंड हसत होतं. मी तिच्या एका कानातला बोळा काढला आणि म्हटलं, "हवाय का तुला तो?" ती आधी म्हणाली, "कोण, गिटारवाला?" मी दुसराही बोळा काढला. मग म्हणाली, "हवाय आज्जी." मी म्हटलं, "मग म्हण की त्याचं खरं. दोन शब्दांनी जीभ झिजत नाही." तेव्हा ती जे बोलली ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणाली, "खोटं बोलून मिळाला तर मला रोजच बोलावं लागेल. आणि आज्जी, तोही म्हणत नाहीये. मामा त्याला सांगतायत, तूच फोन कर आणि म्हण तुझं खरं, मिटव. तो म्हणतो, मी तिला खोटं का सांगू." म्हणजे दोघं एकमेकांना हवे होते, आणि खोटं एकालाही बोलायचं नव्हतं. असल्या दोघांना घरातली मोठी माणसं वेगळं करणार होती, आणि तेही अपमान झाला म्हणून.

तेव्हा मला तुमची आठवण झाली. उगाच नाही, कामापुरती. चैत्रात आपल्या यात्रेला देवळापुढं सनईचा सामना लागायचा. एका अंगाला मावळातला सनईवाला, दुसऱ्या अंगाला खेडचा. गाव दोन्हीकडं वाटलेलं, माणसं आठवडाभर पारावर त्यावरून हमरीतुमरीवर येतात. आणि पंच तुम्ही. तुम्ही पाठ करून बसता. भिंतीकडं तोंड, फेटा कानापर्यंत, आणि मागं दोघं आळीपाळीनं वाजवतात. मी विचारलं होतं, पाठ कशाला, तर तुम्ही म्हणालात, "तोंड दिसलं की नातं दिसतं." वाजवून झालं की वळायचं आणि म्हणायचं पहिला किंवा दुसरा, बस्स, नारळ त्याचा. पाठ करून बसलेल्या पंचाशी कुणी वाद घालत नसे. एका वर्षी मी घरी येऊन आईला चुलीपाशी सांगत होते की मावळातल्याला काही येत नाही, नुसता गाल फुगवतो. मी आठ-नऊ वर्षांची. तुम्ही जेवत होता. माझ्या पुढची ताटली तुम्ही सरकवून घेतलीत. "त्याला काय येतं ते आधी सांग." मी म्हटलं काहीच येत न्हाई. तुम्ही म्हणालात, "ज्याला दुसऱ्याचं एक बी चांगलं सांगता येत न्हाई त्यानं नावं ठिवायची न्हाईत. जा, ऐकून ये, मग जेव." मी रडत गेले. तो देवळामागं गाडीच्या जुवाला टेकून वाजवत होता, सरावाचं. चाकाआड बसून ऐकलं आणि परत येऊन सांगितलं, "तो श्वास कवा घेतो ते कळत न्हाई." तुम्ही ताटली पुढं सरकवलीत. भाकरी गार झाली होती. ते मी अजून विसरले नाही, ते चांगल्या अर्थानं नाही.

आणि एवढे न्यायी तुम्ही, माझ्या लग्नात काय केलंत? वाजंत्री नवऱ्याकडचे, ही रीत. माझ्या सासरच्यांनी मावळातला सांगितला. तुम्ही म्हणालात, माझी पोर खेडच्या सनईवर उभी राहील. सासरे म्हणाले, मग लग्नात उभी राहणार नाही. शेवटी दोघंही आले आणि दोघांनीही एकदमच वाजवलं, कारण आधी थांबेल तो हरेल. दोन सनया, दोन संबळ. भटजीचं तोंड नुसतं उघडमीट होताना दिसत होतं. मंगलाष्टक कधी संपलं कुणाला कळलं नाही, अर्ध्या मांडवानं अक्षता आधी टाकल्या, अर्ध्यानं नंतर. वऱ्हाडाचा एक बैल बुजून गाडीसकट ओढ्यात उतरला. सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या, ही दोनदा लग्न झालेली आहे. तुम्हाला माणसं पंच म्हणून बोलवायची ती दुसऱ्यांच्या भांडणात, स्वतःच्या भांडणात तुम्ही साधे गाववालेच होता. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, माणसाला एवढं वेड असावं, फक्त लग्न त्याच्या मुलीचं नसावं.

मी मामाला फोन लावला. माझ्या मुलाला विचारलं नाही, विचारलं असतं तर त्यानं बी.पी.ची गोळी घेतली असती. म्हटलं, "तुमच्या यात्रेला सनईचा सामना लागायचा ना?" मामा म्हणाला, "लागायचा म्हणजे? आमच्या चुलत्याकडं नारळ असायचा." मी म्हटलं, "मग हा बी लावू. तुमच्या दारात. दोघांनी आपापल्या माणसाचं फोनवरून लावावं, एकदाचा निकाल होऊ दे. माफीचं मग बघू." मामा म्हणाला, "आणि पंच कोण?" "मी." "वा. तुम्ही तर मुलीकडच्या." मी म्हटलं, "पाठ करून बसते." मामा माफी मागा म्हणणारा माणूस असला तरी जुन्या घरचा होता. सामना नाकारणं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं, आणि पाठ करून बसणारा कुणाचाच नसतो हेही. म्हणाला, "पाठ करणार असाल तर चालंल. या रविवारी."

निघालो. माझा मुलगा गाडी चालवत होता आणि सारखा म्हणत होता की हे त्यानं कुणाला सांगितलं तर त्याला माणसात बसता येणार नाही. चाकणच्या चौकात कंटेनरांमध्ये तासभर अडकलो. नात मागं काहीतरी पुटपुटत होती, परीक्षेला जाताना पुटपुटतात तसं. मी म्हटलं, "एक नियम आहे. माझ्या बापाचा. आपल्या माणसाचं लावायच्या आधी दुसऱ्याच्या माणसाचं चांगलं सांगायचं. जमलं नाही तर बाद." तिचं पुटपुटणं थांबलं. म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "आधी सांगितलं असतं तर पाठ केलं असतंस."

त्यांच्या अंगणात मामानं मांडवासारखी तयारी केली होती. खुर्च्या, मंडळाचा गणपतीतला भलामोठा स्पीकर, गोदामावरचे दोन ड्रायव्हर, शेजारची माणसं, भजनी मंडळातले एक म्हातारबाबा. कशाचा सामना आहे हे बहुतेकांना माहीत नव्हतं, पण सामना आहे एवढं पुरलं होतं. मी नियम सांगितला. आधी मुलगा उभा राहिला. घसा खाकरला आणि लोकांकडं नाही, तिच्याकडं बघून बोलला. म्हणाला, "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा पुढचं विसरला. एक सूर लावून थांबलाय. मी चिडायचो. मग रोज बसमध्ये ऐकायला लागलो. परवा माझ्या लक्षात आलं, तो थांबतो तेव्हा पुढचा सूर मी मनात वाजवतो. म्हणजे अर्धं गाणं तो आपल्याकडून वाजवून घेतो. हे माझ्या माणसाला जमलेलं नाही. तो आपल्याला जागाच ठेवत नाही." भजनी बाबा म्हणाले, "हां." एवढंच, पण पोटातून.

नात उठली. तिनं आधी हात पुसले, कुणाला दिसू नये असे. म्हणाली, "मला वाटायचं तो दाखवतो. बघा माझी बोटं कशी पळतात. पण ते तसं नाही. आमच्याकडं शिफ्ट संपायला आली आणि ट्रेमध्ये अजून पार्ट राहिलेत, प्रत्येक तपासायचाय, एकही सुटता कामा नये, तेव्हा हात जसे चालतात, तसं आहे ते. ती घाई गर्वाची नाही. काहीतरी राहून जाईल ही भीती आहे. आणि तेवढ्या घाईत त्याच्याकडून एकही पार्ट खराब जात नाही. मी अर्ध्यावर बंद केलं होतं, ते मी पुढं ऐकलं. माफी त्याची मागते. मामांची नाही." मामा म्हणाला, "माझी कशाला, माझी कोण मागतंय." एक ड्रायव्हर टाळ्या वाजवायला लागला आणि दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

माझ्या मते तिथंच सगळं झालं होतं. पण मामा म्हणाला, "ते झालं भाषण. नारळ कुणाचा?" लोकंही तेच म्हणायला लागली. आपल्याकडं सामना निकालाशिवाय सुटत नाही, लोकांना घरी जाता येत नाही. मी खुर्ची फिरवली, पाठ केली, पदर डोक्यावरून पुढं ओढला. त्यांनी एक लावलं, मग दुसरं लावलं. कुठलं कुणाचं ते मला सांगितलं नव्हतं. दोन्ही संपल्यावर मुलाच्या आईनं येऊन माझ्या खांद्याला हात लावला, की झालं. मी वळले आणि म्हटलं, "दुसरा."

दुसरा म्हणजे घाईवाला होता. म्हणजे मुलाचा. मामानं शिट्टी घातली. माझ्या मुलानं डोकं धरलं. नात म्हणाली, "आज्जी?" एवढंच, पण असं की मला सासूबाई आठवल्या. मामानं नारळ भाच्याच्या हातात कोंबला. पोरानं तो घेतला, एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला. म्हणाला, "आज्जी, राग मानू नका. तुम्ही नीट ऐकलं नाही. पहिलं भारी होतं. मी माझ्या माणसाचं वीकच लावलं होतं, चुकून. परत ऐका." मामा म्हणाला, "अरे गाढवा, जिंकलास ना, गप बस की." तो म्हणाला, "जिंकलो म्हणून काय मामा, निकाल चुकलाय." तेवढ्यात आमची नात मधे पडली. "चुकलाय कसा? आज्जी पाठ करून बसली होती. आणि वीक काय म्हणता, त्यातला शेवटचा भाग काय होता माहितीय का?" तो म्हणाला, "शेवटचा सोडा, सुरुवात बघा ना." ती म्हणाली, "सुरुवात कोण बघतं?" दोघं परत सुरू. फक्त आता ती घाईवाल्याकडून आणि तो डोळेमिट्याकडून. मुलाच्या आईनं कमरेवर हात ठेवून थोडा वेळ पाहिलं आणि मला म्हणाली, "आत्याबाई, तारीख काढा. ह्यांचं एवढ्यात सरायचं न्हाई." मामानं नारळ भाच्याच्या हातून काढून घेतला, पायरीवर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. मलाही दिलं, मी ते दात असलेल्या माणसाला दिलं.

पुढच्या महिन्यात लग्न आहे. बॅंड नको, डीजे नको, दोघं स्वतः वाजवणार म्हणतात. काय वाजवायचं त्यावरून बोलणी चालू आहेत. ती बोलणी ऐकून माझा मुलगा रात्रीचं न जेवता झोपतो. सून मात्र आल्यागेल्याला सांगत सुटलीय, की आमच्या आत्यांनी मुद्दाम उलटा निकाल दिला. हरल्यावर आपली पोर कशी वागते आणि जिंकल्यावर तो माजतो का, हे त्यांना बघायचं होतं. भजनी बाबांनी तर म्हणे त्यांच्या मंडळात माझं नाव घेतलं. खेडच्या बायका मला भेटायला येणार आहेत. मी ह्या कशालाही हो म्हटलेलं नाही. नाहीसुद्धा म्हटलेलं नाही. सून चहा पण जरा बरा करायला लागलीय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मला कळतं, तेवढी चौथी पुरते. पण घरातही ठेवणार नाही. नातीच्या हाती लागलं तर ती वाचून त्याला पाठवेल, त्यांचं रोजचं पाठवणं अजून चालूच आहे. तुम्हाला म्हणून सांगते. तो स्पीकर नुसता खरखरला तरी माझ्या कानातलं ऐकायचं मशीन आत शिट्टी मारत होतं. पाठ केली आणि पदर ओढला तेव्हा मी ते काढून मुठीत धरलं. मला नुसती गडगड कळत होती, पावसाळ्यात लांबून येते तशी. समोर त्यांचा गोठा होता आणि त्यात एक म्हैस. पहिल्याला ती रवंथ करत बसून राहिली. दुसऱ्याला उठून उभी राहिली. पोरगं म्हणालं ते खरं होतं, मी ऐकलंच नव्हतं.